मढ्याची भूमिका

एकोणीसशे एक्क्याऐंशीत मी पहिल्यांदा मेलो,
मंगळवार पेठेतल्या शाळेच्या हॉलात,
राज्य नाट्य स्पर्धेसाठी.
रंगराव चिले म्हणाला, तुला पाठांतर होत नाही,
तू पड.

दोन अंक पडायचं.
भोवती तीन मुलगे, एक जावई, पतपेढीचा कारकून,
अग्नी कुणी द्यायचा यावरनं नव्हे,
शेणींचं बिल कुणी द्यायचं यावरनं भांडणार
आणि लोक हसणार,
इतके की तिरडीचे बांबू कुरकुरणार.
मढ्यानं तेवढं हसायचं नाही.
मी जिभेचं टोक दातांत धरून ठेवायचो.
घरी गेलो की आमटी झोंबायची.

यंदा आसावरी माळकरनं ते पुन्हा बसवायला घेतलंय.
वय सव्वीस, हातात हेल्मेट, पिशवीत झेरॉक्स संहिता.
रंगरावची समासातली पेन्सिलसुद्धा झेरॉक्स झालीय:
‘इथं थांबा. हशा.’
म्हणाली, काका, मूळ संचातले तुम्ही एकटेच सापडलात.
म्हटलं, माझी अँजिओप्लास्टी झालीय.
म्हणाली, पडायचंच तर आहे.

बायको म्हणाली, या वयात असली सोंगं नकोत.
मग म्हणाली,
निदान आतनं स्वेटर घाला.

बुरूड गल्लीत मल्हारीनं विचारलं, कोण गेलं?
मीच. नाटकात.
त्यानं नजरेनंच माझं माप घेतलं,
चाळीस वर्षांत सुटलेलं पोटही हिशेबात धरलं,
म्हणाला, भाड्यानं देत न्हाई.
हे न्हेल्यालं कधी परत येत न्हाई.

तालमीत तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं,
हे नाटक मी कधी बघितलेलंच नाही.
त्रेचाळीस प्रयोग, सगळे डोळे मिटून.
थोरला मुलगा म्हणजे करकर वाजणारं पायताण.
जावई म्हणजे तपकिरीचा वास.
मालन मुळीक म्हणजे बांगड्या
आणि माझ्या डाव्या कानापाशी एक हुंदका,
जो पुढं पुढं खरा वाटायला लागला.
विचारायचं राहिलं. ती इचलकरंजीला नांदायला गेली.
नव्या पोरांच्या बुटांना आवाज नाही.
कोण कुठं उभं आहे
मेलेल्या माणसाला कळत नाही.

प्रयोगाला हॉल भरला. बाहेर वडे, आत पंखे.
शेणींच्या हिशेबावर लोक हसले. बरं वाटलं.
या गावात शेणी फुकट मिळतात, तरी हसले.
मग धाकट्याचं वाक्य आलं:
‘मी आपलं लांबनंच बघितलं बाबांना.’
तेव्हा या वाक्याला छप्पर उडायचं.
रंगरावनं तिथं दोन रेघा मारल्यात.

कुणी हललं नाही.
पंखा ऐकू आला.
त्या हॉलात प्रत्येकानं कुणाला तरी लांबनं बघितलेलं,
त्या वर्षी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, गाडीच्या काचेतनं.
धाकटं पोरगं हशाची वाट बघत थांबलं, थांबलं,
आणि तिसऱ्या रांगेतनं कुठंतरी
बांगड्या वाजल्या.

मी डोळे उघडले.

एवढं पिवळं असतं, मला माहीत नव्हतं.
विधवेच्या केसांत पांढरी पावडर, गाल कोवळे.
धाकट्याच्या गळ्याची घाटी वरखाली.
विंगेत आसावरी, संहिता तोंडावर धरून.
आणि पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर
एक चार वर्षांची पोरगी थेट माझ्याकडं बघत:

आई, ह्ये आजोबा जित्ते हाईत!

असा हशा मी त्रेचाळीस प्रयोगांत ऐकला नव्हता.
रंगरावनं तिथं काहीच लिहिलेलं नाही.

डोळे मिटले. जीभ दातांत धरायला गेलो,
आता कवळी आहे, नीट धरवत नाही,
आणि दुसरा अंक सगळा बाकी.